कोरसमधल्या मावशी

मावशी बोलायच्या आधी उजव्या हाताचा तळवा उजव्या कानावर ठेवायच्या. मग बोलायच्या. भाजीवाल्याला "कोथिंबीर कशी दिलीस?" विचारायचं असो की वॉचमनला "पाणी कधी येणार?", आधी कान झाकला जायचा, मग तोंड उघडायचं. मुंबईतल्या चारकोपच्या आमच्या सेक्टरने यातून निष्कर्ष काढला होता की त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्यामुळे सगळे त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन ओरडून बोलायचे. मावशींनी ते कित्येक वर्षं सहन केलं. त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते. आमच्या सेक्टरमध्ये तेवढे चांगले कान दुसऱ्या कोणाकडे नव्हते, आणि हे मी पुढे घडलेल्या प्रकारानंतर शपथेवर सांगू शकतो.

तुमच्याही सोसायटीत एक रसिक मंडळ असेल. नसेल तर तुमची सोसायटी अजून नवी आहे. सभासद निवृत्त होईपर्यंत थांबा. आमचं मंडळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भरतं. जुनी गाणी ऐकणं आणि नवी गाणी न ऐकता त्यांच्याबद्दल बोलणं, हे मंडळाचं कार्य. जुनी गाणी अध्यक्षांच्या मोबाइलवरून त्यांच्या नातवाच्या स्पीकरवर वाजतात. या स्पीकरला रंगीत दिवे आहेत आणि ते बंद कसे करायचे हे नातवाने कोणाला सांगितलेलं नाही. सुरुवातीला स्पीकरमधली एक बाई इंग्रजीत जाहीर करते की जोडणी झालेली आहे. मग निळा-जांभळा उजेड पडतो, आणि त्या उजेडात आमचे सभासद डोळे मिटून शुद्ध, यंत्रांनी न बाटवलेलं संगीत ऐकतात.

संगीत मेलं याबद्दल मंडळात एकमत आहे. कोणत्या साली मेलं याबद्दल मतभेद आहेत. मी एकदा सगळ्यांनी सांगितलेली सालं कागदावर मांडून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की ज्याचा तो पंचविशीत असताना संगीत मेलेलं आहे. अध्यक्ष महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते संगीत ज्या साली संपलं, त्याच साली त्यांचं लग्न झालं. त्यांच्या पत्नी हे विधान दर दुसऱ्या रविवारी ऐकतात आणि शांतपणे चिवड्याची डिश पुढे करतात. आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद नव्या गाण्यांवर सगळ्यांत कडक बोलतात. बोलण्यापूर्वी ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात.

मी या सगळ्यांच्या वर बसून हसतो आहे असं वाटायला नको. मी मंडळाचा निवेदक आहे. गाण्याआधी दोन मिनिटं जे बोललं जातं ते लिहिणं आणि वाचणं माझ्याकडे. "स्वरांच्या चांदण्यात न्हाऊन निघालेलं ते युग" अशी वाक्यं मी डोळ्याची पापणी न हलवता लिहिलेली आहेत. जन्मभर विमा कंपनीत अपघातांचे अहवाल लिहिले; तिथे एकही विशेषण चालत नसे. निवृत्तीनंतर तुंबलेली सगळी विशेषणं एकदम बाहेर आली.

मावशी आमच्याच ओळीतल्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आखातात नोकरीला. मूळ घर सावंतवाडीकडचं, वडील गिरणीत, लहानपण लालबागच्या चाळीत. बोलणं मुंबईचं; पण राग आला किंवा माया आली की त्यांच्या तोंडून मालवणी बाहेर पडायची. दोन्ही वेळी शब्द तेच असायचे, त्यामुळे समोरच्याने नेमकं काय झालं आहे ते स्वतःच ठरवायचं. त्यांचा आवडता शब्द होता "कित्याक?" म्हणजे कशाला. बसायला खुर्ची दिली, कित्याक. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, कित्याक. सोसायटीने हॉलमध्ये आरसा बसवायचा ठराव केला, तेव्हा सर्वसाधारण सभेत उठून त्यांनी एवढंच भाषण केलं होतं.

एका रविवारी त्या हॉलच्या दारात आल्या. बाथरूममध्ये गळती होती, सेक्रेटरीला शोधत होत्या. आत गाणं चालू होतं. मावशींनी कानावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. अंतरा संपून बायकांचा कोरस सुरू झाला, तशा त्या म्हणाल्या, "एक जण उशिरा आत आली."

"कोण आली?" अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं.

"इथे नाही हो. गाण्यात. बाकीच्या आल्या, मग ती आली. परत लावा."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर मला ते ऐकू आलं. पंधरा बायकांचा "आ" उघडतो, आणि त्याच्या मागून केसभर उशिरा एक "आ" आत सरकतो, लग्नाच्या पंगतीत उशिरा येऊन बसलेल्या पाहुणीसारखा. हे गाणं आमच्या मंडळाने निदान शंभरदा ऐकलेलं होतं. त्यावर मी दोन निवेदनं लिहिली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" अध्यक्ष.

"वीसेक वर्षं हेच केलं ना. कोरसमध्ये होते मी."

"म्हणजे या गाण्यात तुम्ही आहात?"

"असेन. नसेनही. आमचं 'आ' सगळीकडे सारखंच."

हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मी शब्दांत सांगू शकतो, पण सांगणार नाही. तशी वाक्यं आता मी सोडली आहेत. अध्यक्ष उठून उभे राहिले. ज्या युगाच्या नावाने आपण इतकी वर्षं उसासे टाकत होतो, त्या युगातली एक बाई शेवटच्या घरात राहते आणि तिची गळती आपण आठ महिने दुरुस्त केलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तिथल्या तिथे सत्काराचा ठराव मांडला. गळतीचा विषय त्या गडबडीत राहून गेला.

परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा आणि गुळाचे खटखटे लाडू पुढे ठेवले.

"तुम्ही गायलेली काही अविस्मरणीय गाणी सांगा," मी म्हटलं.

"गाण्याचं नाव कोण सांगत होतं आम्हाला? खालच्या वाण्याच्या फोनवर निरोप यायचा. उद्या नऊ वाजता, बारा बायका. गेलं, आ केलं, घरी आलं."

"पण वातावरण कसं असायचं? भारावलेलं?"

"गरम असायचं. टेक लागला की पंखे बंद. घामाने ब्लाउज भिजायचे. मुख्य गाणारी बाई यायची तोवर दोन-दोन तास बसून राहायचं. मग आम्ही मटार सोलायचो."

"मटार?"

"कोणी ना कोणी पिशवी घेऊन यायची. सगळ्या मिळून सोलायचो. टेक म्हटलं की पिशवी खुर्चीखाली."

मी लिहिणं थांबवलं. आमच्या मंडळाने डोळे मिटून ऐकलेल्या किती प्रेमगीतांखाली मटाराची पिशवी होती, याचा मी विचार करत होतो.

त्यांनी मला त्यांची विद्याही सांगितली. माइक एक, बायका पंधरा. बारीक आवाजाची पुढे, मोठ्या आवाजाची मागे. काचेपलीकडे बसलेला माणूस एकदम हात वर करायचा आणि म्हणायचा, कोणातरी एकीचा आवाज बाहेर येतो आहे. म्हणजे पंधरा जणींत कोणीतरी वेगळी ओळखू येते आहे. टेक फुकट. सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. मग उजव्या कानावर तळवा ठेवून आपला आवाज आतून ऐकायचा आणि तो शेजारणीच्या आवाजात मिसळायचा, मीठ भाताच्या पाण्यात विरतं तसा. मावशींचा आवाज वीस वर्षांत एकदाही बाहेर आला नाही.

"म्हणून तर मला बोलवायचे," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"आणि गाणी? ती तर सोन्यासारखीच ना?"

"कुठली रे. एखादं असायचं चांगलं. बाकीची अशीच. एकदा सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नुसतं 'टिंबक टिंबक' म्हटलं. घरी गेले तर सासू विचारते, आज काय गायलंस? म्हटलं, टिंबक. ती म्हणाली, आणि ह्याच्यासाठी मी दिवसभर तुझा मुलगा सांभाळला."

मी वही मिटली. त्यांनी विचारलं, "टिंबक लिहिलंस?"

"नाही."

"कित्याक?"

टिंबक आमच्या सुवर्णयुगात बसत नव्हतं, एवढंच कारण होतं.

निघताना त्यांनी जे सांगितलं ते मी परिचयात घातलं नाही. एकदा त्यांना एक ओळ एकटीला मिळाली होती. नायिकेची मैत्रीण नायिकेला चिडवते, तेवढी एक ओळ. दोन टेकमध्ये झाली. नवऱ्याने चाळीतल्या अकरा माणसांना गोळा केलं आणि पहिल्या आठवड्यात सगळे सिनेमाला गेले. गाणं आलं, मैत्रीण आली, हसली, आणि गाणं पुढे गेलं. लांबी कमी करायला ओळ कापली होती. परत येताना बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. घराजवळ आल्यावर सासू म्हणाली, "पिक्चर चांगला होता."

"तेवढंच राहिलं बघ," मावशी म्हणाल्या. "माझो आवाज एकटो कसो येता, ता माका आजपर्यंत कळूक नाय. घरातला नाही. माइकमधून गेलेला, यंत्रातून बाहेर आलेला. रेडिओ लावून पुष्कळदा शोधला. पण मी इतकं चांगलं काम केलंय की मलाच सापडत नाही."

सत्कार चार महिने लांबला. आधी हॉलचं वॉटरप्रूफिंग निघालं, मग अध्यक्षांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग शाल कोणत्या रंगाची यावर दोन बैठका. या चार महिन्यांत काय घडलं ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढच्या प्रसंगात निदान तुम्ही तरी माझ्याइतके मूर्ख ठरणार नाही.

मावशींच्या समोरच्या ओळीत केतकी नावाची अकोल्याची मुलगी भाड्याने राहत होती. लॅपटॉपवर गाणी करायची. तिने एका खोलीच्या भिंतींना गाद्या आणि जुनी ब्लँकेटं ठोकली होती. तरीही बाहेर धडधड ऐकू येते म्हणून आमच्या मंडळाने तिच्या घरमालकाला पत्र दिलं होतं. पत्राचा मसुदा माझा. मावशी मात्र तिला तळलेले बांगडे नेऊन द्यायच्या. एक दिवस बांगडे देता देता त्या काहीतरी गुणगुणल्या आणि केतकीने त्यांना गाद्यांच्या खोलीत नेऊन माइकसमोर उभं केलं.

मावशी दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, पुढे या ना."

त्या अर्धं पाऊल आल्या.

"अजून. अजून. अहो, तो चावत नाही."

"आणि बाकीच्या कधी येणार?" मावशींनी विचारलं.

"बाकीच्या कोण?"

"बायका."

"कोणी नाही. तुम्हीच."

केतकीने मला नंतर सांगितलं की पहिली दहा मिनिटं त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता. माइक तोंडाशी आणि तरी त्या कोणाच्या तरी मागे लपून गात होत्या, जी तिथे नव्हतीच. मग कधीतरी त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब "आ" निघाला. शब्द नाहीत, काही नाही. खालून वर गेला, वर थोडा थांबला, थोडा खरखरला आणि उतरला. आठ सेकंद. केतकीने त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि तो ऐकवला.

मावशी पूर्ण ऐकून म्हणाल्या, "ही कोण?"

"तुम्ही."

त्यांनी आणखी दोनदा ऐकला. मग हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि म्हणाल्या, "हिचा आवाज बाहेर येतो."

त्या आठ सेकंदांभोवती केतकीने गाणं केलं. भाड्याने खोली शोधणाऱ्या मुलीचं. घरमालक विचारतात ते सगळे प्रश्न ती ठेक्यावर धडाधड बोलत जाते: लग्न झालंय का, घरी कोण कोण येतं, मासे तळता का, किती वाजता परत येता. आणि दर वेळी प्रश्न संपले की मावशींचा "आ" येतो. दोन महिन्यांत ते गाणं स्टँडवरच्या प्रत्येक रिक्षात वाजत होतं. महावीर नगरला पाणीपुरी खाताना पोरी ते मोबाइलवर लावून नाचत होत्या. मावशींनी कोणालाही सांगितलं नाही. त्या फक्त रिक्षाने जरा जास्त फिरायला लागल्या. जिथे पायी जाता येतं तिथेही. आम्हाला वाटलं, गुडघे गेले.

आता सत्कार. अध्यक्षांना नुसता सत्कार पुरेना. सत्काराला जोडून "संगीताचा ऱ्हास" या विषयावर चर्चा ठरली. आणि ऱ्हास सिद्ध करायला एक नमुना हवा, म्हणून माझ्यावर जबाबदारी आली: एक नवं, वाईट गाणं निवडून त्यावर निवेदन लिहायचं. मी जे गाणं रोज तीनदा ऐकत होतो तेच निवडलं. दुसरं मला माहीत नव्हतं.

हॉल भरला होता. मावशी स्टेजवर मोरपिशी शालीत बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर नारळ. अध्यक्ष त्यांच्या डाव्या बाजूला वाकून प्रत्येक वाक्य ओरडून समजावत होते. मी लिहिलेला परिचय वाचून झाला, त्यात "स्वरगंगेचा अनाम थेंब" होता. टाळ्या पडल्या. मग नमुना वाजला.

पहिल्या ठेक्याला मावशींनी मान वर केली. इतक्या मोठ्या स्पीकरवर, इतक्या माणसांसमोर ते गाणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. "आ" आला. मी कागदावरून मान उचलली असती तर मला त्यांचा चेहरा दिसला असता. पण माझं माझ्या वाक्यांवर प्रेम होतं. गाणं थांबवून मी वाचायला लागलो.

"हा आवाज ऐकलात? या आवाजाला घसा नाही, श्वास नाही, वय नाही. हा कोणत्या बटणातून निघाला ते त्या बटणालाच ठाऊक. ज्या भूमीत आज सन्मानित होणाऱ्या मावशींसारख्या जिवंत कंठांनी गावं, तिथे आज यंत्र रडतं आणि आपण त्याला गाणं म्हणतो."

हशा झाला, टाळ्या झाल्या. मी कागदाची घडी घातली. खरं सांगतो, मला ते फार चांगलं जमलं असं वाटलं होतं.

"मावशी," अध्यक्ष ओरडून म्हणाले, "आजच्या या संगीताबद्दल दोन शब्द सांगा."

मावशी माइकजवळ आल्या. अगदी जवळ आल्या. त्यांचा हात कानाकडे गेला नाही.

"परत लावा ता," त्या म्हणाल्या.

लोकांना वाटलं, मावशी आता एकेक चूक काढून दाखवणार. लावलं. "आ" संपला तसा त्यांनी हात वर केला, थांबवा म्हणून.

"ह्यो माझो आवाज."

अध्यक्षांनी समजूतदार हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुमचं ते जुनं. हे आजचं आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतलं."

"मला ठाऊक आहे. समोरच्या ओळीत झालं, गाद्यांच्या खोलीत. ती बघा केतकी, मागे उभी आहे. विचारा तिला."

सगळ्या माना मागे वळल्या. दाराजवळ केतकी उभी होती. तिने फक्त मान डोलावली.

मावशी हॉलकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या. एवढ्या वर्षांनी सापडलेली गोष्ट त्यांनी चाळीस माणसांसमोर टेबलावर ठेवली होती आणि ती त्यांचीच आहे असं कोणीतरी म्हणेल याची त्या वाट बघत होत्या.

इथे मला आमच्या अध्यक्षांचं कौतुक केलं पाहिजे. पाणी खात्यातला अनुभव वाया जात नाही. अर्ध्या मिनिटात त्यांनी माइक हातात घेतला. "पाहिलंत? मी काय म्हणत होतो? त्या अख्ख्या गाण्यात ऐकण्यासारखी जागा तेवढी एकच, आणि ती कोणाची? आपल्या सुवर्णयुगाची." प्रचंड टाळ्या. जो आवाज दोन मिनिटांपूर्वी बटणातून निघाला होता, त्याला एकाएकी घसा, श्वास आणि परंपरा प्राप्त झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हात दुसरीकडे कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

मावशींनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाल्या, "आत्ता तर म्हणालात, माणसाचा नाही म्हणून."

अध्यक्षांनी माइक त्यांच्या हातात परत दिला.

"असू दे. तुम्ही विचारलंत ना, आजचं गाणं कसं? बरं आहे. दोन तासांत झालं. कोणी उशिरा आलं नाही, कोणी गरम होतं म्हणून कुरकुरलं नाही. मला मी ऐकू आले. फक्त बाकीच्या बायका नव्हत्या. एवढं एक वाईट झालं बघा. मी झाल्यावर बाजूला बघितलं, कशी झाली विचारायला, तर तिथे गादी."

नारळ घेऊन त्या खाली उतरल्या. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. रस्ताभर माफीचं एक वाक्य मनात जुळवत होतो. त्यात विशेषण येऊ नये अशी खटपट चालली होती. दाराशी आल्यावर त्यांनीच विचारलं, "ता तू लिहिलं होतंस?"

"हो."

"चांगलं लिहितोस मेल्या. आता जरा ऐकायला शीक."

मंडळाचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरलं, आणि ते सांगितलं नाही तर मी पक्षपाती ठरेन. ते गाणं टिकलं नाही. पावसाळा संपेपर्यंत रिक्षांत दुसरं गाणं आलं आणि नवरात्रात तिसरं. अध्यक्षांनी हे मावशींना जरा समाधानाने सांगितलं. मावशी म्हणाल्या, "अहो, आमची तर आम्ही बसस्टॉपवर जाईपर्यंत विसरायचो." पुढच्या महिन्यात सेक्रेटरीने गळती मात्र दुरुस्त करून घेतली.

जानेवारीत मावशी गेल्या. झोपेतच. सकाळी बांगड्यांचं भांडं परत द्यायला केतकी गेली, तेव्हा दार उघडेना.

मुलगा आखातातून आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. मंडळाने हॉलमध्ये शोकसभा ठेवली. अध्यक्षांनी एक जुनं, अजरामर गाणं निवडलं होतं, भरपूर कोरस असलेलं. "यात त्या असणारच," ते म्हणाले. "शक्यता दाट आहे."

"शक्यता नको," मी म्हटलं. विमा कंपनीतली सवय अशा वेळी उपयोगी पडते. "त्या आहेत याची खात्री असलेलं एकच गाणं आहे."

"शोकसभेत? ते?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्नीकडे पाहिलं. पत्नी म्हणाल्या, "लावा."

केतकीने स्वतःच्या लॅपटॉपवरून लावलं. अध्यक्षांनी सर्वांना श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं, आणि आमचं रसिक मंडळ हात जोडून, मान खाली घालून उभं राहिलं. ठेका सुरू झाला. लग्न झालंय का, मासे तळता का, घरी कोण कोण येतं, असे प्रश्न स्पीकरमधून धडाधड येत राहिले आणि चाळीस ज्येष्ठ नागरिक ते गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत राहिले. दोन मिनिटं झाली. बसायचं की गाणं संपेपर्यंत थांबायचं हे कोणालाच कळेना, म्हणून कोणी बसलं नाही. अध्यक्षांच्या चपलेचं टोक ठेक्यावर हलत होतं. ते त्यांना माहीत नसावं.

मावशींचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याने हे गाणं पूर्वी ऐकलेलं नव्हतं. माझ्याकडे वाकून त्याने हळूच विचारलं, "यात आई कुठली?"

पहिले दोन "आ" ठेक्याच्या गोंगाटात निघून गेले होते. शेवटचा राहिला होता. तिथे केतकीने बाकी सगळं बंद केलेलं आहे, नुसता आवाज आहे.

"थांब," मी म्हटलं. "दाखवतो."

दाखवावं लागलं नाही. आवाज आला, तसा मुलगा झटकन उजवीकडे वळला, जिथे नुसती भिंत होती, आणि आतल्या खोलीतून हाक आल्यावर "आलो" म्हणायला उघडावं तसं त्याचं तोंड उघडलं.